डोळ्यात गेलेलं बेट

गोव्यातल्या मुरगाव बंदरात जहाजावर लोहखनिज भरताना हॅचच्या, म्हणजे कोठाराच्या तोंडाच्या, कडेवरून वाकून खाली पाहिलं की वाटतं, अजून काहीच भरलेलं नाही. प्रत्येक होल्डच्या (कोठाराच्या) तळाशी एकेक तांबडा ढीग, वर सगळी पोकळी. आणि जहाज मात्र भारखुणेपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त बुडायची परवानगी असते त्या रेघेपर्यंत, बसलेलं. पमिस भरताना बरोब्बर उलटं होतं. होल्ड काठोकाठ भरतात, हॅच कव्हर सरकवायला जेमतेम जागा उरते, तरी जहाज पाण्याबाहेर मान काढून उभंच. लोहखनिजाला टनामागे अर्धा घनमीटरसुद्धा लागत नाही, पमिसला दोन-तीन घनमीटर लागतात. टाच घासायला न्हाणीघरात ठेवतात तो हलका, भोकाभोकांचा दगड म्हणजे पमिस. आमचा एक हर्णैचा एबी, म्हणजे डेकवरचा खलाशी, पहिल्याच रात्री म्हणाला होता, "मॅडम, एवढी वज्री लागते कुणाला?"

लागते. हलक्या विटा, हलकं काँक्रीट, सिमेंटमधलं मिश्रण, कुंड्यांमधली माती, जीन्सची धुलाई. म्हणून आम्ही ग्रीसच्या एजियन समुद्रात याली बेटाच्या धक्क्याला लागलो होतो.

याली हे कोस आणि निसिरोस या दोन बेटांच्या मधलं. दोन टेकाडं आणि त्यांना जोडणारी एक चिंचोळी पट्टी, एवढाच त्याचा पसारा. एका टेकाडात पांढऱ्या ठिपक्यांची काळी ज्वालाकाच (ऑब्सिडियन) सापडते. मिनोअन काळात, म्हणजे क्रीट बेटावरच्या प्राचीन संस्कृतीच्या काळात, ती क्रीटला नेऊन तिचे चषक कोरत. दुसरं टेकाड पांढऱ्या पमिसचं. ते १९५० च्या दशकापासून खणलं जातंय. गाव नाही, बाजार नाही. खाण, सरकते पट्टे, लोडर आणि पाळीवर येणारे कामगार. बाहेरून पाहिलं तर डोंगराच्या पायऱ्या केलेल्या, आणि उन्हात त्यांच्याकडे बघवत नाही इतक्या पांढऱ्या.

मी या जहाजावर सेकंड ऑफिसर. दुपारी आणि रात्री बारा ते चार माझी वॉच, म्हणजे पाळी. नकाशे आणि मार्ग आखणं माझं काम, आणि बहुतेक जहाजांवर असतं तसं औषधांचं कपाटही माझ्याच ताब्यात. डॉक्टर जहाजावर नसतो. असतो तो एक जाडजूड वैद्यकीय मार्गदर्शक ग्रंथ आणि सॅटेलाइट फोन.

रात्री तीनच्या सुमाराला वॉकी-टॉकीवर हर्णैवाल्याचा आवाज आला, "मॅडम, डोळ्यात काय तरी गेलंय. काच गेल्यागत खुपतंय." तीन नंबरच्या हॅचपाशी तो लोडरच्या तोंडावर नजर ठेवून उभा होता. घाम पुसायला गॉगल कपाळावर चढवला आणि नेमका तेवढ्यात वारा फिरला. काच गेल्यासारखं खुपतंय हे त्याचं वर्णन तंतोतंत खरं होतं. ज्वालामुखीतून वायूने फसफसत वर आलेला लाव्हा थिजला की पमिस होतो, म्हणजे तो फेसाळलेली काचच. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा पातळ, भेगांतून निघून पसरत गेलेला. त्यात असली काच फारशी नाही, त्यामुळे आपल्या लोकांना या धुळीची सवयही नाही.

सलाइनने डोळा धुतला. खालच्या पापणीच्या आत नारिंगी रंगाची कागदी पट्टी टेकवून निळ्या बॅटरीच्या उजेडात पाहिलं. बुबुळावर ओरखडा असेल तिथे हा रंग हिरवा चमकतो. बारीक, उभ्या रेघा दिसल्या, शेजारी शेजारी. फोटो काढून रोमला फोन लावला. रोममध्ये 'चिर्म' नावाचं केंद्र १९३५ पासून कुठल्याही देशाच्या जहाजाला फुकट वैद्यकीय सल्ला देतं. पलीकडचे डॉक्टर झोपेतून उठल्यासारखे वाटले नाहीत. म्हणाले, रेघा उभ्या आहेत म्हणजे कण वरच्या पापणीच्या आत अडकलाय, उघडझाप झाली की तो खालीवर घासतोय. पापणी उलटवा. बधिर करणारे थेंब घालून, कापसाच्या काडीवर पापणी उलटवली. एक कण निघाला. पण थेंबांचा असर ओसरल्यावर खुपणं परत सुरू. रोम म्हणालं, जमीन जवळ आहे ना, मग डॉक्टरला दाखवा.

जमीन जवळ होती, पण भारतीय खलाशाला युरोपात व्हिसाशिवाय वाट्टेल तिथे पाय टाकता येत नाही. जहाज ज्या नगरपालिकेच्या हद्दीत लागलंय ती आणि तिला लागून असलेल्या, एवढीच मुभा. याली मोडतं निसिरोस नगरपालिकेत. शिवाय रात्रपाळीच्या कामगारांना घेऊन सकाळची लाँच तिकडेच निघणार होती. कॅप्टनने दुपारची माझी वॉच थर्ड ऑफिसरला दिली आणि मला पेशंटबरोबर पाठवलं. मी झोपले नव्हते, पण हे ऐकून झोप उडाली, खोटं कशाला सांगू.

पाचेक किलोमीटरवर मांद्राकी, निसिरोसचं बंदराचं गाव. काळ्या खडकांवर पांढरी घरं, वर कड्याच्या गुहेत मरियमचा मठ. धक्क्यावर लाँचची वाट बघणारे दोघे-तिघे, एक झोपलेला कुत्रा. अख्ख्या बेटाची वस्ती हजाराच्या आसपास. विमानतळ नाही. कोसला विमानतळ आहे, म्हणून सगळी गर्दी तिकडे.

दवाखान्यातली डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होती. ग्रीसमध्ये डॉक्टर झाल्यावर काही काळ खेड्यात किंवा बेटावर सेवा करावी लागते, ती त्यासाठी इथे आलेली. माझी मावसबहीण बाँडचं वर्ष काढायला मोखाड्याला होती, तिच्या चेहऱ्यावर हेच मिश्रण असायचं: थोडा वैताग, बराचसा आत्मविश्वास. तिने पापणी एकदा नाही, दोनदा दुमडली. अगदी वरच्या घडीत, जिथे माझी काडी पोचणंच शक्य नव्हतं, तिथून दुसरा कण निघाला. "याली," ती नुसतं म्हणाली. तिला हे कण ओळखीचे होते. मलम घातलं, एक वाजता परत तपासते म्हणाली आणि हर्णैवाल्याला आतल्या खाटेवर झोपवलं. परतीची लाँच तीनला. मी खुर्ची ओढून बसले, तर तीच म्हणाली, इथे बसून काय करणार, ज्वालामुखी बघून या.

"जा मॅडम," खाटेवरून आवाज आला, "मी एका डोळ्याने कुठं पळून जातोय?"

टॅक्सीवाला पांढऱ्या मिशांचा, सत्तरीतला. मी खलाशी आणि तीही भारतातली हे कळताच त्याने स्टीअरिंगवर थाप मारली. "मार्मागोआ!" तो ग्रीक जहाजांवर बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, होता, आणि मुरगावला खनिज न्यायला इतक्यांदा आलेला की बार्ज कुठल्या नदीतून येतात हेही त्याला पाठ. मांडवी, झुआरी. उच्चार भयंकर, पण क्रम बरोबर. तिथली लाल धूळ कपड्यांतून कधी गेलीच नाही, बायको बॅग घराबाहेर उघडायला लावायची, असं म्हणून तो हसला. मग पुढचा अर्धा तास आम्ही बेटाबद्दल नाही, हॅचच्या रबर पॅकिंगबद्दल बोललो.

रस्ता चढत चढत कड्यावर येतो आणि एकदम आत उतरतो. निसिरोस बेट जवळजवळ गोल आहे, आठेक किलोमीटर व्यासाचं, आणि मधोमध चार किलोमीटरचा खड्डा. ज्वालामुखीचा माथा ढासळून झालेला. त्या खड्ड्याच्या अर्ध्या भागात शेतं आणि झाडं, दुसऱ्या टोकाला राखाडी-पिवळा उघडा पट्टा. तिथे स्टेफानोस नावाचं विवर. तोंड सुमारे तीनशे मीटर, खोली पंचवीस मीटरच्या वर. पायवाटेने थेट तळाशी उतरता येतं. कोसच्या कार्दामेनाहून येणाऱ्या बोटींचे प्रवासी बसने इथे पोचायला अजून वेळ होता. खाली कुणीच नव्हतं. टॅक्सीवाला वरच थांबला, म्हणाला, आयुष्यभर बघतोय.

उतरताना पहिल्यांदा आला तो वास. कुजक्या अंड्यांचा. माझ्या हाताने आपोआप खिसा चाचपला. जहाजावर बंद टाकीत उतरायचं तर छातीवर गॅसमीटर लावल्याशिवाय उतरायचं नाही, हे इतकं अंगात भिनलंय. याच वासाच्या विषारी वायूचं, हायड्रोजन सल्फाइडचं, प्रमाण थोडं वाढलं तरी मीटर किंचाळतो आणि आपण बाहेर पळायचं असतं. इथे मीटर नाही, परवाना नाही, वरती दोरी धरून उभा माणूस नाही, आणि मी चालतेय. डोक्यावर आभाळ मोकळं आहे, वारा आहे, हे समजत होतं. तरी मी वाऱ्याच्या बाजूनेच राहिले.

तळ भाजलेल्या मातीचा, पाऊल टाकलं की खाली पोकळ असल्यासारखा आवाज. धोक्याच्या जागा दोरी लावून अडवलेल्या. भोकांच्या कडांना गंधकाच्या पिवळ्या सुया जमलेल्या, आतून वाफेचा फुसफुसाट. वाफ उकळत्या पाण्याइतकी गरम असते. एका खळग्यात करडा चिखल बुडबुडत होता. बुटांचे तळवे गरम झाल्याचं जरा उशिराच लक्षात आलं. या ज्वालामुखीने लाव्हा ओकल्याची लिखित इतिहासात नोंद नाही, पण १८७१ ते १८७३ आणि परत १८८७-८८ मध्ये वाफेचे स्फोट झाले, शेजारची छोटी विवरं तेव्हाची. १९९६-९७ मध्ये भूकंपांची रांग लागली होती, मांद्राकीत घरांना तडे गेले. म्हणजे हे झोपलेलं नाही, डुलकी घेतंय.

वर आल्यावर टॅक्सीवाल्याने मला निकियाला नेलं, त्या मोठ्या खड्ड्याच्या काठावरच्या गावात. गारगोट्यांच्या नक्षीचा एक चौक, जुन्या शाळेत ज्वालामुखीचं संग्रहालय, एका बाजूला खाली विवर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. चौकात तीन म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्यांनी मला नखशिखान्त पाहिलं आणि पुन्हा आपल्या बोलण्याला लागल्या. बदामाचं गोड सरबत मिळालं, सुमादा म्हणतात. ते मला फार गोड लागलं.

टॅक्सीवाल्याच्या बोलण्याची गाडी तिथे बेटावर आली. १९८० च्या दशकात इथे भूऔष्णिक विजेसाठी खोल विहिरी खणल्या होत्या. बुडाशी ३०० अंशांच्या वर तापमान लागलं, वीज झालीही असती. गावकऱ्यांनी होऊ दिली नाही. तोही विरोधात होता. मी विचारलं, मग यालीचं काय? तिथे तर डोंगरच चाललाय. परतीच्या वळणावर त्याने गाडी थांबवली. समोर याली, पांढरी जखम, आणि तिच्या पायाशी आमचं जहाज. लहानपणी हे टेकाड वरपर्यंत होतं, म्हणाला. भाऊ तिथेच कामाला होता. खाणीचं भाडं नगरपालिकेला येतं, त्यावर बरंच चालतं. इथे पाणी नाही, गोड्या पाण्याचे झरे नाहीत, पावसाच्या टाक्यांवर पिढ्या काढल्या, निम्मं बेट न्यूयॉर्कला गेलं. "तिथे कुणी राहत नाही," तो म्हणाला, "म्हणून तिथे खणायचं."

मला हे पटलंही आणि टोचलंही. निसिरोसला मोठी हॉटेलं नाहीत, समुद्राकाठी खुर्च्यांच्या रांगा नाहीत, आणि 'अस्पर्शित बेट' म्हणून लोक येतात. त्या न बिघडण्याचा खर्च शेजारच्या बेटावर मांडलेला आहे, आणि दर पाळीला तो माझ्या होल्डमध्ये उतरतो. खाण वाईट असं मी म्हणणार नाही, माझा पगार त्यातूनच निघतो. पण त्या वळणावर एकही बस थांबत नाही, हे मी पाहिलं. बसेस पलीकडच्या वळणावर थांबतात, जिथून याली दिसत नाही.

एक वाजता डॉक्टरने पुन्हा निळा उजेड टाकला. रेघा होत्या, पण खुपणं थांबलं होतं. बुबुळ लवकर भरून येतं, तीन दिवस मलम, धुळीत जायचं नाही, दुखलं तर कोसला. मी सगळं लिहून घेतलं. हर्णैवाल्याने फोनमधले विवराचे फोटो एका डोळ्याने बघितले. "याच्यात उतरलात? आणि आम्हाला बॅलास्ट टँकमध्ये जाताना दहा कागद भरायला लावता!"

जहाजावर चीफ इंजिनियर आमचीच वाट बघत होते, डोळ्याच्या नव्हे, स्ट्रेनरच्या काळजीत. पमिस पाण्यावर तरंगतो. धक्क्यापाशी सांडलेला माल समुद्राच्या पाण्याबरोबर इंजिनाच्या थंडाव्याच्या नळात ओढला गेला तर जाळ्या तुंबतात. २०२१ मध्ये जपानजवळच्या समुद्राखालच्या ज्वालामुखीतून निघालेला पमिस ओकिनावाला वाहत आला, तेव्हा तिथल्या होड्यांची इंजिनं अशीच बंद पडली होती, हे त्यांनी मला पुन्हा एकदा सांगितलं.

लोडिंग संपल्यावर चीफ ऑफिसरबरोबर ड्राफ्ट सर्व्हेला, म्हणजे जहाज किती बुडालंय त्यावरून मालाचं वजन काढायला, मीही होते. सहा ठिकाणचे आकडे वाचायचे आणि बादलीने पाणी काढून त्याची घनता मोजायची. एजियनचं पाणी नेहमीपेक्षा खारट, हायड्रोमीटर १.०२८ दाखवत होता. होल्ड गच्च, आणि भारखूण पाण्याच्या कितीतरी वर.

हर्णैवाल्याला बोसनने तोवर गॅंगवेवर, जहाजावर चढायच्या शिडीपाशी, बसवलं होतं, काळा चष्मा लावून. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या गॉगलचं इलॅस्टिक तो ओढून बघत होता. एका नव्या डेक कॅडेटने गॉगल कपाळावर चढवलेला दिसला, तसा तो खुर्चीतून ओरडला, "ए, खाली घे तो! नाय तर मॅडमबरोबर त्या भोकात उतरवीन तुला, मीटरशिवाय!"