आमची वाटचाल : किंबर्लीत, स्टॉकमननी घालून दिलेल्या वाटेवर

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किंबर्लीत आमची छोटी सहल कंपनी मराठी मंडळींना घेऊन जाते. इथल्या पर्यटनाचा पाया घालणाऱ्यांत सॅम लव्हेल यांचं नाव आदराने घ्यायला हवं. आदिवासी वंशाचे म्हणून सरकारने त्यांना लहानपणीच कुटुंबापासून तोडून हॉल्स क्रीकजवळच्या मूला बुल्ला या सरकारी कॅटल स्टेशनवर, म्हणजे गुरं पाळायच्या अवाढव्य रानावर, नेलं. पुढे ते स्टॉकमन झाले. घोड्यावरून गुरं गोळा करायची, डागायची, लांबवर हाकत न्यायची. 1968 च्या अखेरीपासून आदिवासी कामगारांना गोऱ्यांच्या बरोबरीने समान वेतन लागू झालं, ते द्यायला मालक तयार नव्हते आणि स्टेशनांवरून कुटुंबंच्या कुटुंबं बाहेर पडली. त्यांच्या अनुभवाची किंमत तेव्हा कुणी केली नाही. लव्हेल यांनी 1980 च्या दशकात पत्नी रोझिटा यांच्यासह त्याच अनुभवावर सफारी उभी केली.

आम्ही विंडजाना घळ आणि टनेल क्रीकपासून सुरुवात केली, मग सुमारे 660 किलोमीटरचा गिब रिव्हर रोड घेतला. हा रस्ता मुळात गुरं डर्बी आणि विंडहॅमच्या बंदरांत पोचवायला झाला. मातीच्या भागात पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडतात. डांबरावर 40 पीएसआय असलेली हवा तिथे 28-30 वर आणतो आणि वेगही उतरवतो. कमी हवेत वेग ठेवला तर टायरची बाजू तापून फाटते. दोन स्टेपन्या लागतातच. सततच्या हादऱ्यांनी शॉक ॲब्सॉर्बर तापून गळतात, बॅटरीचे टर्मिनल आणि कॅरिअरचे बोल्ट सैल होतात, म्हणून रोज संध्याकाळी पाना फिरवायचा. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला किमान पाच लिटर. वाटेत गाडीने पाण्यातून ओलांडायच्या पेंटेकोस्ट नदीत खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. खोली बघायला पायी उतरायचं नाही. पलीकडून गाडी येईपर्यंत थांबायचं, तिची चाकं किती बुडतात ते बघायचं, मग लो-रेंजमध्ये (फोर-व्हील गाडीच्या कमी वेगाच्या, जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) एकसारख्या वेगाने जायचं.

टनेल क्रीक म्हणजे डोंगराखालून जाणारी 750 मीटरची गुहा. टॉर्च हवा, भिजले तरी चालतील असे बूट हवेत. बुनुबा या इथल्या आदिवासी समाजाचा, गोऱ्या वसाहतवाल्यांशी लढलेला लढवय्या जंदमारा 1897 मध्ये इथेच मारला गेला. ती हकिकत बुनुबा माणसानेच सांगावी हा आमचा आग्रह. आमचा माणूस तेव्हा गाडी सांभाळतो. मे ते सप्टेंबर एवढाच मुख्य हंगाम असल्याने वाटाड्यांच्या तारखा लवकर भरतात. म्हणून आम्ही आधी त्या ठरवून घेतो, गाड्या आणि मुक्काम त्यानंतर ठरवतो.