बहिणीच्या पेशी, भावाचा ब्लडग्रुप

मी ब्लड बँकेत एफेरेसिसच्या, म्हणजे रक्तातल्या हव्या त्या पेशी वेगळ्या काढणाऱ्या मशीनवर काम करते. ब्लड कॅन्सर झालेल्या भावाला स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी द्यायला एक मुलगी आली होती, ती एकदम धीट, पण आई पार हादरलेली. दारातच मला गाठून म्हणाल्या, "ताई, पोरीचं लग्न ठरलंय, मणक्यातनं काढणार का हो? पुढं मूलबाळ व्हायला अडचण नको."

ही मणक्याची भीती इतक्या घरांत बसलीये की देणारे तयार असूनही माघार घेतात, फार वाईट वाटतं. मी मावशींना मशीनजवळच बसवलं. एका हातातून रक्त येतं, मशीन हव्या त्या पेशी वेगळ्या करतं, बाकीचं दुसऱ्या हातातून परत जातं, बास. आधीचे चार-पाच दिवस इंजेक्शनं असतात, त्याने बोन मॅरोमधल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या स्टेम सेल रक्तात उतरतात, कंबर ठणकते ती त्यामुळेच.

"पण काढून घेतलेलं भरून कसं येणार?" मी सांगितलं, लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात, प्लेटलेट जेमतेम आठ-दहा दिवस, म्हणजे नवीन माल रोज बनतच असतो आणि तो बनवतात या स्टेम सेल, शिवाय स्वतःसारख्या पेशीही बनवतात म्हणून साठा संपत नाही. मावशी पटकन म्हणाल्या, "म्हणजे विरजणासारखं की!" अगदी तसंच.

मध्येच पोरीच्या ओठांना मुंग्या आल्या. रक्त गोठू नये म्हणून घालतो त्या औषधाने कॅल्शियम उतरतं, मी स्पीड कमी केला, कॅल्शियम दिलं, थोड्या वेळात ठीक. भावाच्या वजनाच्या किलोमागे किमान 20 लाख स्टेम सेल लागतात, त्या एकाच दिवसात मिळाल्या.

संध्याकाळी ती फिकट लालसर पिशवी भावाला सलाईनसारखी चढवली, ऑपरेशन नाही काही नाही. पेशी रक्तातून फिरत आपल्या आपण बोन मॅरोत जाऊन बसतात, इतकी वर्षं बघतेय तरी मला याचं नवल वाटतं. खरी परीक्षा त्यानंतर, कारण जबर केमोने त्याचा स्वतःचा मॅरो रिकामा केलेला, पांढऱ्या पेशी जवळपास शून्य, साधं इन्फेक्शनही जिवावर बेतू शकतं. तिसऱ्या आठवड्यात न्यूट्रोफिल, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सलग तीन दिवस 500 च्या वर राहिल्या तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

भावाचा ग्रुप बी पॉझिटिव्ह, बहिणीचा ओ पॉझिटिव्ह. एचएलए, म्हणजे पेशींवरची आपलं-परकं ओळखायची खूण, जुळलं की ग्रुप वेगळा असला तरी चालतं. जुन्या लाल पेशी संपत गेल्या तसा काही महिन्यांनी त्याचाही ग्रुप ओ पॉझिटिव्ह आला आणि मी त्याला पाकिटातलं जुनं ब्लडग्रुप कार्ड बदलून घ्यायला लावलं.