स्पीच थेरपी, पदव्युत्तर पहिलं वर्ष: जे ऐकलं तेच लिहा

पहिल्या वर्षी लेक्चर आणि क्लिनिक बरोबरच सुरू होतात. शरीररचना, क्रेनियल नर्व्ह (थेट मेंदूतून निघणाऱ्या नसा), ध्वनिशास्त्र हे पाठ करून निभावतं. कस लागतो तो क्लिनिकमध्ये. तिथला बराचसा गोंधळ एकाच कारणाने होतो, असं माझं ठाम मत झालं आहे: कानाला ऐकू आलेलं आणि आपल्याला वाटलेलं यांची सरमिसळ.

ट्रान्सक्रिप्शनमध्येच, म्हणजे मुलाचं बोलणं लिहून काढतानाच, ती सुरू होते. काकांचं चित्र समोर असलं की मुलाचं 'ताता' आपल्याला 'काका' ऐकू येतं. म्हणून मी चित्रं बाजूला ठेवून रेकॉर्डिंग दोन-तीन सेकंदांच्या तुकड्यांत ऐकते आणि आयपीएत, म्हणजे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत, लिहिते. अपेक्षित शब्द शेजारच्या रकान्यात, पण सगळ्यात शेवटी.

भाषेच्या नमुन्यासाठी निदान 50, जमल्यास 100 उद्गार (मुलाचं एकेक सुटं बोलणं, शब्द किंवा वाक्य) हवेत. "हे काय? ते काय?" असं विचारत राहिलं की एकेका शब्दाची उत्तरं मिळतात आणि उद्गारांची सरासरी लांबी खऱ्यापेक्षा कमी निघते. खेळाबद्दल आपण एखादं वाक्य बोलावं आणि गप्प बसावं, मूल बोलतं. न समजलेले उद्गार आणि आपलंच वाक्य जसंच्या तसं परत म्हटलेलं गणतीतून वगळायचं. ही लांबी रूपिकांत, म्हणजे शब्दातल्या अर्थ असलेल्या सर्वांत लहान तुकड्यांत, मोजतात; त्या कशा मोजायच्या ते आधीच कागदावर लिहून ठेवा. 'घरात'मध्ये दोन, हे सोपं आहे. पण 'घोड्यावर'मधलं सामान्यरूप वेगळं धरायचं का? काहीही ठरवा, पण पुढच्या नमुन्यालाही तोच नियम लावा. नाहीतर नियम बदलल्याने वाढलेला आकडा आपण प्रगती समजून बसतो.

प्रमाणित चाचणीत वयाची वजाबाकी हातानेच, दोनदा करावी. तारीख 10 मार्च 2024 आणि जन्म 25 ऑगस्ट 2019 असेल, तर महिन्यातून 30 दिवस आणि वर्षातून 12 महिने उसने घेऊन 4 वर्षं, 6 महिने, 15 दिवस. वय चुकलं की गुण पाहायचा वयोगटाचा तक्ता चुकतो आणि पुढचं सगळंच चुकतं. एखादी चाचणी आपल्या भाषेत आयत्या वेळी भाषांतर करून घेतली, तर तिचे गुण वापरता येत नाहीत. मुलाला काय जमलं, एवढंच वर्णन लिहावं.

उद्दिष्टं लिहिताना सगळ्यात जास्त खाडाखोड होते आणि ती व्हायलाच हवी. "'क'चा उच्चार सुधारणे" यात मोजण्यासारखं काहीच नाही. "चित्र पाहून नाव सांगताना शब्दाच्या सुरुवातीचा 'क', एकदा जीभ कुठे टेकते ते दाखवल्यावर, 20 पैकी 16 वेळा बरोबर, सलग दोन सेशनमध्ये": यात परिस्थिती, कृती, मदत आणि निकष, चारही आहेत. त्याआधी कसलीही मदत न करता सुरुवातीची पातळी मोजलेली असावी. ती नसेल तर 16 हा आकडा कुठून आणलात, याला उत्तर नाही.

सेशनमध्ये नुसतं बरोबर-चूक लिहून भागत नाही. मी बरोबर उत्तराच्या खुणेपुढे मदतीचं अक्षर लिहिते: स्वतःहून असेल तर 'स्व', खुणेने 'खु', आपल्या मागून म्हटलं तर 'मा'. सगळी 'मा' असलेले 80 टक्के आणि सगळी 'स्व' असलेले 80 टक्के यांत फार अंतर आहे. खेळ असा निवडा की एकेका पाळीत पाच वेळा उच्चार करावा लागेल. नाहीतर अर्धा तास सोंगट्या मांडण्यात जातो आणि उच्चार होतात जेमतेम पंधरा. विचारल्यावर मनात पाच अंक मोजून थांबा. ती शांतता नवख्याला सोसवत नाही, म्हणून तो घाईने मदत करतो आणि मुलाची संधी जाते. चुकलेल्या उच्चारावर सवयीने "छान!" म्हणू नका, मूल तोच पक्का करतं.

सोप नोट (SOAP, सेशनची चार भागांतली नोंद) त्याच दिवशी लिहावी. पालकांचं म्हणणं पहिल्या भागात, आकडे दुसऱ्यात, अर्थ तिसऱ्यात, पुढचा बेत चौथ्यात. "मूल कंटाळलं" हे दुसऱ्या भागात बसत नाही. तिथे "बाराव्या मिनिटानंतर तीनदा खुर्चीवरून उठला" असं लिहायचं. कंटाळा, थकवा की काम अवघड होतं, हे तिसऱ्या भागात, कारणासकट.

गिळण्याच्या तपासणीत तर ही शिस्त जिवावरची आहे. खोकला आला नाही म्हणजे घास श्वासनलिकेत गेला नाही, असं होत नाही. काही रुग्णांत तो आवाज न करता जातो. तेव्हा "खोकला नाही" एवढंच लिहा आणि शंका असेल तर व्हिडिओफ्लुरोस्कोपीसारखी (गिळताना घेतलेला हलता एक्स-रे) तपासणी सुचवा.