लाइव्ह रेकॉर्डिंगचा टॉवर: कार्ड कुठल्या स्लॉटात, एसएसडी कुठल्या पोर्टात

मंडळी, टॉवर एकदाचा उभा राहिला, म्हणून अपडेट टाकतोय. ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: संगीत नाटक, भजन स्पर्धा, गणपतीतला ऑर्केस्ट्रा, असल्या कार्यक्रमांचं मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग (प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक) करायचं, वर गायकाला जरा रिव्हर्बही (आवाजाची घुमी) याच मशीनमधून द्यायचा, आणि हे सगळं लॅपटॉपला लटकवलेल्या यूएसबी हबच्या भरवशावर करायचं नाही. फुल साइझ टॉवर, रिफर्बिश्ड, लॅमिंग्टन रोडवरून. प्रोसेसर इंटेलचा आठव्या जनरेशनचा आय५-८५००, रॅम १६ जीबी.

आठवी जनरेशनच का, तर सहावी-सातवीतले टॉवर आता फार स्वस्तात मिळतात पण त्यांच्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. रेकॉर्डिंगचं मशीन नेटला जोडायचंच नाही म्हणणाऱ्यांना १० वर खुशाल चालवता येईल, लिनक्सवाल्यांना तर हा प्रश्नच नाही. मला ड्रायव्हर अपडेट मिळत राहायला हवे होते म्हणून थोडे जास्त मोजले. दुकानदार छोटा स्लिम डबा गळ्यात मारत होता, "साहेब, तोच प्रोसेसर आहे, जागा पण कमी लागते." प्रोसेसर तोच, पण त्यात कार्ड लागतं अर्ध्या उंचीचं, पॉवर सप्लाय कंपनीचा स्वतःचा, आणि दुसरा ड्राइव्ह बसवायचा म्हटलं की केबल काढायलासुद्धा जागा नाही. स्लिम डबा बिलिंगच्या काउंटरला ठीक.

आता ऑडिओ कार्ड. इथे बराच वेळ गेला, कारण सेकंडहँड बाजारात तीन पिढ्यांचा माल एकाच वेळी फिरतोय. जुनी पीसीआय कार्डं, म्हणजे एम-ऑडिओ डेल्टा १०१० वगैरे, आवाजाला आजही वाईट नाहीत पण नव्या बोर्डांवर तो स्लॉटच नसतो. मग लोक पीसीआय एक्सप्रेसवरून पीसीआय करणारा अडॅप्टर लावतात, त्यातल्या एएसमीडियाच्या १०८३ ब्रिज चिपने लिनक्सवाल्यांना इंटरप्टच्या (कार्डाने 'माझ्याकडे बघ' म्हणून प्रोसेसरला मारलेली हाक) बाबतीत भरपूर छळलंय, इंटरप्ट अडकतो, कर्नल 'नोबडी केअर्ड' असा मेसेज टाकून ती लाइनच बंद करतो आणि कार्ड गप्प. नाटकाच्या दुसऱ्या अंकात असं झालं तर काय घ्या. फायरवायरचं (जुन्या ऑडिओ इंटरफेसची केबल जोडणी) म्हणाल तर ज्यांच्याकडे तसा इंटरफेस आधीच पडलाय त्यांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचं कार्ड शोधून लावावं, ऑडिओवाल्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव त्याच चिपच्या बाजूने आहे, पण नव्याने त्या वाटेला जाऊ नये. मॅकने तर २०२५ च्या टाहो आवृत्तीत फायरवायरचा सपोर्टच काढून टाकला.

शेवटी आरएमई कंपनीचं एचडीएसपीई रेडॅट हे पीसीआय एक्सप्रेस कार्ड घेतलं, सेकंडहँड. चार एडॅट ऑप्टिकल पोर्ट (एका केबलमधून आठ चॅनल), म्हणजे ४८ किलोहर्ट्झला ३२ चॅनल, शिवाय एईएस आणि एसपीडिफ हे दोन-दोन चॅनलचे डिजिटल पोर्ट धरून ३६ इन, ३६ आउट. पुढे माइकचा सिग्नल वाढवून डिजिटल करणारे बेहरिंगरचे एडीए८२०० तीन, प्रत्येकी आठ माइक प्री, म्हणजे सध्या २४ चॅनल आणि एक पोर्ट रिकामा. मिक्सर कुणाचा काय असेल त्यावर आपण अवलंबून नाही, स्टेजवर स्प्लिटर लावायचा आणि आपली लाइन वेगळी घ्यायची. ज्यांच्याकडे कायम बेहरिंगरचा एक्स३२ डिजिटल मिक्सर असतो त्यांना एवढ्या उठाठेवीची गरज नाही, त्याच्या यूएसबी कार्डावरून ३२ चॅनल येतातच.

आता "कम्पॅटिबल" म्हणजे काय, हा मुद्दा. रेडॅट हे एक्स१, म्हणजे डेटाच्या एकाच लेनचं कार्ड आहे, खालची सोनेरी पट्टी बोटाच्या पेरापेक्षा थोडीच मोठी, आणि ते एक्स१, एक्स४, एक्स१६ कुठल्याही स्लॉटात बसतं. बसतं इथवर सगळे सांगतात. बँडविड्थचा हिशोबही करून टाकू: पहिल्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसची एक लेन सेकंदाला २५० एमबी नेते आणि ३६ चॅनल ३२ बिटने एका दिशेला नेले तरी ७ एमबीच्या आत काम होतं. म्हणजे रुंदीचा प्रश्नच नाही. प्रश्न वेळेचा आहे. ६४ सॅम्पलचा बफर (आवाज साठवून एकदम पुढे द्यायची थप्पी) ठेवला तर ४८ किलोहर्ट्झला दर १.३३ मिलिसेकंदाला प्रोसेसरने ऑडिओकडे बघितलंच पाहिजे, आणि त्या वेळात दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरने त्याला धरून ठेवलं की झाला टक्. नळावर रांगेत पुढच्या बाईने हंडाच्या हंडा भरायला घेतला की मागच्या तांब्यावालीने काय करायचं, तसं. तांब्या लहान आहे, पाणीही भरपूर आहे, तरी उशीर होतोच. म्हणून कार्ड घेताना मी फास्ट काय ते विचारत नाही, शेजारी कोण बसलंय ते बघतो.

हे बघायला डिव्हाइस मॅनेजर उघडा, व्ह्यूमध्ये रिसोर्सेस बाय टाइप, त्यात आयआरक्यूची, म्हणजे इंटरप्टच्या लाइनची, यादी. ज्यांच्यापुढे उणे आकडा आहे ती मेसेज सिग्नल्ड इंटरप्टवाली मंडळी, त्यांचा स्वतःचा रस्ता. अधिक आकडा असेल आणि तोच आकडा दुसऱ्या कुणापुढे दिसला तर लाइन शेअर होतेय. माझ्या टॉवरमध्ये खालच्या एक्स४ स्लॉटात कार्ड लावलं तेव्हा त्याच आकड्यावर आणखी एक कंट्रोलर दिसत होता, वरच्या एक्स१६ मध्ये हलवलं तर एकटं. वरचा स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो, खालचा चिपसेटमार्गे, जिथून साटा, यूएसबी, लॅन सगळी वरात जाते. तो एक्स१६ रिकामा कसा, तर ग्राफिक्स कार्ड लावलेलंच नाही. आय५ मधलं यूएचडी ६३० रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचे २४ मीटर दाखवायला पुरतं, आणि मोठ्या ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर डीपीसी लेटन्सीच्या (ड्रायव्हर प्रोसेसरला किती वेळ अडवतो त्याच्या) तक्रारींत कायम वर असतात.

हीच लेटन्सी मोजणारा लेटन्सीमॉन चालवून ठेवला. वायफाय चालू असताना एनडीआयएस डॉट सिसचा (विंडोजच्या नेटवर्क ड्रायव्हरचा) आकडा मधूनच उसळी मारून १००० मायक्रोसेकंदाच्या वर जायचा. वर सांगितलेला ६४ सॅम्पलचा बफर म्हणजे १३३३ मायक्रोसेकंद, त्यातले हजार नुसत्या वायफायने खाल्ले तर प्लगइनला राहिलं काय. वायफायचं कार्ड मग विंडोजमधून बंद करण्याच्या भानगडीत न पडता एम.२ मधून उपटूनच काढलं. पॉवर प्लॅनमध्ये पीसीआय एक्सप्रेसचं लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट ऑफ, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड ऑफ, बायोसमध्ये सी-स्टेट्स ऑफ, म्हणजे वीज वाचवायला डुलकी घेणारं सगळं बंद. यानंतर ग्राफ अगदी शांत झाला असं म्हणणार नाही, पण उसळ्या गेल्या.

बरं, ६४ लागतोच कुठे हाही प्रश्न आहे. गायकाचा कोरडा आवाज माझ्या कॉम्प्युटरमधून फिरून येतच नाही, तो मिक्सरवरून थेट मॉनिटरला जातो. माझ्याकडून परत जातो तो फक्त ओला रिव्हर्ब. २५६ च्या बफरला एका बाजूचे ५.३ मिलिसेकंद, जाऊन-येऊन ११ च्या आसपास, वर कन्व्हर्टरचे थोडे. रिव्हर्बला प्री-डिले (घुमी सुरू होण्याआधीची उसंत) आपण एरवी हाताने २०-३० मिलिसेकंद देतोच की, त्यातून हे वजा करायचं आणि झालं. नुसतं रेकॉर्डिंग असेल तर बिनधास्त १०२४. ३२ सॅम्पलवर चालवून दाखवायची हौस घरी भागवावी.

क्लॉकचं एक सांगायलाच हवं, सगळे डिजिटल डबे एकाच घड्याळावर चालायला हवेत. रेडॅट मास्टर, तिन्ही एडीए८२०० ला त्याच्या एडॅट आउटमधून परतीची ऑप्टिकल केबल, आणि त्यांच्या पाठीमागचा सिंकचा स्विच एडॅट इनवर. नुसती एकेरी केबल टाकली तरी आवाज येतो, इथेच लोक फसतात. आरएमईच्या सेटिंगच्या खिडकीत प्रत्येक पोर्टपुढे नो लॉक, लॉक किंवा सिंक यापैकी काहीतरी दिसतं. 'लॉक' म्हणजे सिग्नल पोचतोय पण तो स्वतःच्याच घड्याळावर चाललाय, 'सिंक' दिसलं तरच तो आपल्या तालात. लॉकवर सोडून दिलं तर मधूनच बारीक टिक् येत राहतो, आणि पखवाजाच्या गदारोळात तो ऐकू येत नाही, घरी आलापीवर सापडतो.

स्टोरेज. सगळ्यात जास्त पैसे लोक इथे वाया घालवतात असं माझं मत. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, एक चॅनल म्हणजे सेकंदाला १,४४,००० बाइट. २४ चॅनल धरा, साडेतीन एमबीसुद्धा होत नाही. चार तासांचं संगीत नाटक जवळपास ५० जीबी. एवढ्यासाठी सेकंदाला ७००० एमबीवाला एनव्हीएमई (एम.२ स्लॉटात बसणारा वेगवान एसएसडी) कशाला? मी दोन साटा (केबलने जोडायचे साधे) एसएसडी लावलेत, एक विंडोज आणि प्लगइनला, दुसरा १ टीबीचा फक्त रेकॉर्डिंगला, टीएलसीवाला (एका सेलमध्ये तीन बिट). चार बिटवाला क्यूएलसी घेतला असता तर? सॅमसंगचा ८७० क्यूव्हीओ १ टीबी कॅश (वेगाने लिहायची राखीव जागा) संपल्यावर ८० एमबीपर्यंत खाली येतो असं कंपनीच सांगते, म्हणजे तेव्हाही आपल्या गरजेच्या वीसपट. रेकॉर्डिंग त्यावर होईल. पण कार्यक्रम संपल्यावर मंडळाचा माणूस हार्डडिस्क घेऊन उभा असतो, मागच्या तीन कार्यक्रमांनी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असतो, तेव्हा टीएलसी बरा. आणि टिकाऊपणाचा आकडा बघितला तर त्याच कंपनीच्या १ टीबीत क्यूव्हीओला ३६० टीबीडब्ल्यू (एकूण किती टीबी लिहिण्याची हमी), टीएलसीवाल्या इव्होला ६००. माझ्या वापराने दोन्ही मला पुरून उरतील म्हणा.

एनव्हीएमई न घेण्याचं दुसरं कारण गरमी, तो तापतो. सोलापुरात एप्रिलमध्ये मांडवात पत्र्याखाली बसून साउंड चेक करून बघा, म्हणजे कळेल. तिसरं कारण लेनचं. एका मित्राच्या असेंबल केलेल्या मशीनमध्ये एम.२ लावला आणि साटा ५ आणि ६ एकदम गायब. ड्राइव्ह मेला म्हणून तो बदलून घ्यायला निघाला होता. मॅन्युअलमध्ये तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की एम.२ वापरला तर हे दोन पोर्ट बंद. बोर्ड घेण्याआधी मॅन्युअलची पीडीएफ उतरवायची आणि ब्लॉक डायग्रामच्या आधी त्या तळटीपा वाचायच्या.

फाइल सिस्टिम एनटीएफएस, कारण एक्सफॅटला जर्नल (लाइट गेली तर फाइली सावरायला लागणारी बदलांची नोंद) नाही आणि जनरेटर कधी झटका देईल सांगता येत नाही. यूपीएस आहेच, पण एसएसडी घरगुती प्रकारचा, लाइट गेल्यावर तग धरायला त्यात कपॅसिटर नाहीत. रीपरमध्ये रेकॉर्डिंग प्रायमरी आणि सेकंडरी दोन्ही पाथवर एकाच वेळी करता येतं, दुसरा पाथ विंडोजच्या ड्राइव्हवर दिलाय. प्रत्येक चॅनलची वेगळी मोनो फाइल. सगळे चॅनल एकाच वेव्हमध्ये कोंबले तर साध्या वेव्हची ४ जीबीची मर्यादा २४ चॅनलला २० मिनिटांच्या आसपासच गाठली जाते, मोनोला तीच मर्यादा आठ तासांवर जाते, म्हणजे नाटक, सत्कार आणि आभारप्रदर्शन धरूनसुद्धा पुरते.

टेस्ट म्हणून २४ ट्रॅक आर्म (रेकॉर्डला तयार) करून रात्रभर चालू ठेवलं, वर मुद्दाम त्याच ड्राइव्हवरून दुसरीकडे जुना प्रोजेक्ट कॉपी करत होतो. रीपरमध्ये एकही ड्रॉपआउट नाही, तिन्ही पोर्ट सकाळपर्यंत सिंकवर.

राहिलेली कामं: चौथा एडीए८२००, पुढच्या जाळीला धुळीचा फिल्टर (भजनाच्या मांडवात उदबत्ती आणि धूप पंख्यातून आत ओढला जातो, कॅबिनेट उघडलं की आत पूजा झाल्यासारखा वास), आणि टॉवर उभाच ठेवायचा की चार यू उंचीच्या रॅक केसमध्ये आडवा टाकायचा ते ठरवायचंय. टेम्पोत उभा टॉवर हलला की कार्ड स्लॉटातून उचकतं, ब्रॅकेटचा एकच स्क्रू पुरत नाही. कुणी रॅक केसमध्ये फुल हाइट कार्डाला वरून आधार देणारी पट्टी बसवली असेल तर फोटो टाका, मापंही द्या.