क्रूझरवरून पहिली स्पोर्ट बाइक: घोडबंदर रोडवर केलेली निवड आणि पुढचे हजार किलोमीटर

जुनी गाडी क्रूझर (पाय पुढे, आरामात बसायची), रॉयल एनफिल्ड मीटिअर ३५०. नवी पूर्ण फेअरिंगची (इंजिनभोवती वारा कापणारं कवच असलेली), या वर्गातली पहिलीच. वापर आठवड्यातले पाच दिवस मानपाडा ते ऐरोली, कळवा पुलावरून, आणि रविवारी पहाटे घाट. क्रूझर विकून स्पोर्टकडे वळणाऱ्यांना आकड्यांसकट उपयोगी पडावं म्हणून या नोंदी.

यादी कशी छाटली

मोजपट्टी मीटिअरची धरली: २७ न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनची ओढ) ४००० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे), वजन १९१ किलो, सीट ७६५ मिमी. क्रूझरवाल्याने स्पोर्ट बाइकच्या पत्रकात पॉवर सगळ्यात शेवटी वाचावी. टॉर्क किती हेही दुय्यम. तो किती आरपीएमला येतो, ते आधी बघायचं. यामाहा आर१५ व्ही४ चा १४.२ आहे, ७५०० ला. सुझुकी जिक्सर एसएफ २५० चा २२.२, ७३०० ला. २०२४ मध्ये सुधारलेल्या टीव्हीएस अपाचे आरआर ३१० चा २९, ७९०० ला. केटीएम आरसी ३९० चा ३७, ७००० ला. कावासाकी निंजा ३०० चा २६.१, पण थेट १०,००० ला. निंजाचा टॉर्क मीटिअरच्या जवळपास तेवढाच, फक्त तिथवर पोचायला इंजिन अडीचपट फिरवावं लागतं. माजिवड्याच्या सिग्नलला ते कोण फिरवणार?

आर१५ रोजच्या गर्दीत सगळ्यात हलकी, १४२ किलोच्या आसपास, पण २७ न्यूटन मीटरची सवय झालेल्याला सुरुवातीला गाडीत जीवच नाही असं वाटतं. एप्रिलिया आरएस ४५७ बारामतीत बनते, त्यामुळे जीव तिच्यात अडकतो खरा. पण ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी, आणि खालच्यांवर १८. आरएस ४५७ आणि आरसी ३९० दोन्ही तिथेच गळल्या. उरल्या जिक्सर, आरआर ३१० आणि निंजा.

सीटची उंची घरीच तपासता येते. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, जाड पुस्तक दोन्ही मांड्यांमध्ये घट्ट वर दाबून धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. समजा ७६० मिमी भरलं. बुटाचा तळ २५, म्हणजे ७८५. आरआर ३१० ची सीट ८१० ची, पण माणूस बसल्यावर मागचं सस्पेन्शन तीसेक मिमी दबतं, म्हणून ७८०. हिशोब जमला असं वाटतं, पण सीटच्या रुंदीमुळे मांड्या फाकतात आणि त्यात चाळीसेक मिमी जातात. टाचा टेकत नाहीत, चवडे टेकतात. चवडे पुरतात. फक्त उतारावर गाडी मागे ढकलता येत नाही, तेव्हा सोसायटीच्या बेसमेंटमध्ये लावताना तोंड बाहेर करूनच लावायची.

टेस्ट राइड: पाम बीच रोड फसवतो

वाशी-सानपाड्याकडून गाडी घेतली की टेस्ट राइडला पाम बीच रोड मिळतो. रस्ता सरळ, रुंद, गुळगुळीत. तिथे प्रत्येक स्पोर्ट बाइक गोड वाटते, कारण ७० च्या पुढे समोरचा वारा छातीला टेकू देतो आणि मनगटावरचा भार आपोआप कमी होतो. १५ च्या स्पीडला वारा नसतो, सगळं धड तळहातांवर येतं. म्हणून खरी टेस्ट संध्याकाळी सात वाजता, घोडबंदर रोडवर कापूरबावडी ते पातलीपाडा. शोरूमवाले दहा मिनिटांच्या वर द्यायला कुरकुरतात, पण बुकिंगच्या तयारीने गेलं की बहुतेक ऐकतात.

तिथे काय बघायचं: पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, अॅक्सिलरेटर बंद. गाडी स्वतःहून सरकते का, की गचके देत बंद पडते? मीटिअर अशी निवांत चालते, त्यामुळे क्रूझरवाल्याचा डावा हात हाफ क्लचला सरावलेला नसतो. आरआर ३१० मध्ये इंजिनच आयडलला थोडं आरपीएम सांभाळून गाडी पुढे नेतं. कंपनी त्याला ग्लाइड थ्रू टेक्नॉलॉजी म्हणते. निंजाला असिस्ट (कमी जोर लागणारा) क्लच आहे, लिव्हर लोण्यासारखा, पण दाबावा मात्र सारखा लागतो. दोन सिग्नलमध्ये क्लच किती वेळा दाबला, हे मनात मोजा. हा एक आकडा कुठल्याही ब्रोशरमध्ये नसतो.

दुसरी चाचणी, तिसऱ्या गिअरमध्ये ३० वर अॅक्सिलरेटर उघडणे. मीटिअर मुकाट्याने ओढते. सिंगल सिलिंडरची स्पोर्ट बाइक इथे नॉक करते (इंजिन ठकठकतं), चेन खडखडते. यात गाडीचा काही दोष नाही, गिअर चुकला. वर बसलेला सवयीने ३००० ला गिअर वर टाकतो. इथे ५००० च्या आसपास टाकायचा आणि मंद गर्दीत एक गिअर खालीच राहायचं. ज्याला हे रोज करणं जाचक वाटेल, त्याने क्रूझर विकू नये.

तिसरी, पूर्ण लॉक मारून यू टर्न. क्लिप-ऑन, म्हणजे थेट फोर्कला (पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्यांना) बसवलेलं हँडल, कमी वळतं, आणि शेवटच्या टोकाला अंगठा टाकी आणि ग्रिपच्या मध्ये चेपतो. ग्लोव्हज घालूनच तपासा, उघड्या हाताला जागा पुरते आणि ग्लोव्हजला नाही. आरशात नुसती कोपरं दिसत असतील तर तेही आत्ताच कळेल.

चौथी, उष्णता. लिक्विड कूलिंगच्या गाडीत पंखा सुरू झाला की रेडिएटरमागची गरम हवा फेअरिंगमधून बाहेर पडते आणि मांडीला किंवा नडगीला लागते. रोजची पँट घालूनच बसायचं. जिक्सर ऑइल कूल्ड आहे, तिचा ताप निराळ्या जागी जाणवतो. अर्ध्या तासाच्या आत हे कळत नाही.

पाचवी, फ्लायओव्हरचा सांधा. ५० वर एक्स्पान्शन जॉइंट ओलांडताना धक्का बुडाला बसला तर ठीक, मनगटात गेला तर बसण्यात चूक आहे. टाकी गुडघ्यांनी धरून, कोपरं सैल सोडून पुन्हा जा. तरीही मनगटातच गेला तर ती गाडी आपल्याला नाही.

वळणांसाठी बेलापूरची पारसिक हिल पुरते. आरआर ३१० चा व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) १३६५ मिमी, मीटिअरचा १४००. फरक पस्तीसच मिमीचा, पण वजन पुढे सरकलेलं असल्याने गाडी हलक्या इशाऱ्यावर झुकते. क्रूझरला लागतो तेवढा जोर हँडलला दिला तर ती आतल्या बाजूला घुसते.

ठरली आरआर ३१०. कमी स्पीडला स्वतः सरकणं, जिक्सरपेक्षा जास्त दम आणि क्लिप-ऑन फार खाली नसणं, ही तीन कारणं. निंजाचं ट्विन (दोन सिलिंडरचं) इंजिन गुळगुळीत, टाकी १७ लिटरची, सीट ७८० ची. लांबच्या राइड जास्त असतील तर निवड उलटी होईल.

कागद

महाराष्ट्रात १०० ते २९९ सीसीला एकरकमी रोड टॅक्स ११ टक्के, ३०० पासून पुढे १२. म्हणजे २९६ सीसीची निंजा ११ च्या गटात, ३१२ सीसीची आरआर १२ च्या. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा सक्तीचा. २०२२ च्या दरपत्रकात १५० ते ३५० सीसीसाठी ७,३६५ रुपये, ३५० सीसीच्या वर १५,११७. जुनी गाडी घेणाऱ्यांनी फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेच्या एनओसीसह फॉर्म ३५, आणि थकलेली चलनं आधी बघून घ्यावीत. साडी गार्ड काढून टाकायची घाई नको. मोटार वाहन नियम १२३ मध्ये मागचं अर्धं चाक झाकणं आणि पिलियनला (मागे बसणाऱ्याला) धरायची सोय, दोन्ही लागतात.

ओडो (ओडोमीटर) ० ते १५० किमी

नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, पकड यायला शंभरेक किलोमीटर लागतात. तोवर येऊरची वळणं नाहीत, पारसिकची नाहीत. पेंट केलेल्या झेब्रा पट्ट्यांवर ब्रेकही नाही. पहिल्याच दिवशी लिव्हर सैल करून कोन बदलला: बसल्या जागी हात सरळ पुढे केल्यावर बोटं मनगट न वाकवता लिव्हरवर पडली पाहिजेत. क्रूझरच्या सवयीने लिव्हर आडवे राहतात आणि मनगट वर मोडतं.

मागची प्रीलोड (सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर आधीच दिलेला ताण) बघायची पद्धत अशी. मागच्या एक्सलपासून वर टेल पॅनलवर चिकटपट्टीची खूण करा. दोघांनी मिळून मागची बाजू उचलून चाक अधांतरी धरायचं आणि माप घ्यायचं. मग रायडिंगच्या पूर्ण कपड्यांत, हेल्मेटसकट बसून, पाय पेगवर ठेवून पुन्हा माप. पहिलं ५६०, दुसरं ५१२ आलं तर फरक ४८. सस्पेन्शनच्या एकूण प्रवासाच्या पाव ते तृतीयांश एवढा फरक हवा. प्रवास १२० असेल तर ३० ते ४०. म्हणजे मागची बाजू जास्त बसते आहे आणि पुढचं हलकं पडून वळणात गाडी बाहेर जाते. सी-स्पॅनरने एकेक खाच वाढवायची आणि दर खाचेला नव्याने मोजायचं.

ओडो ३२०: ब्रेक

क्रूझरवर पाय पुढे, वजन मागे, त्यामुळे मागचा ब्रेक खूप काम करतो. स्पोर्ट बाइकवर जोरात ब्रेक मारला की वजन पुढे जातं आणि मागचं चाक हलकं होतं. पायाला जुनी सवय असेल तर मागचा एबीएस (चाक जाम होऊ न देणारी सोय) पेडलमध्ये थडथड करत राहतो. रिकाम्या मैदानाच्या कडेला, सकाळी, ३० वरून दहा वेळा, मग ४० वरून दहा: पुढचा लिव्हर आधी हलका दाबून फोर्क बसू द्यायचे आणि मग वाढवायचं. एकदम आवळला की पुढचा एबीएस लागतो आणि अंतर वाढतं. दोन बोटं पुरतात.

ओडो ७००: चेन आणि बोटं

चेनची ढिलाई स्विंगआर्मवरच्या स्टिकरप्रमाणे, एका जागी नाही तर चाक फिरवून तीन-चार ठिकाणी बघायची आणि जिथे सगळ्यात ताठ लागेल तिथे धरायची. ढिल्या जागी जुळवली तर ताठ जागी बेअरिंगवर ओढ येते. दर ५०० किलोमीटरला आणि प्रत्येक भिजलेल्या दिवसानंतर लूब. ओ-रिंगच्या चेनला पेट्रोल लावू नका, रबर जातं. केरोसीन किंवा चेन क्लीनर, मऊ ब्रश, मग पुसून आतल्या बाजूला लूब, आणि रात्रभर तसंच.

कळवा पुलाच्या रांगेत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर वजन येतंय. अंगठा आणि तर्जनीला मुंग्या येत असतील तर मनगट वाकलंय. पहिल्यावर उपाय गुडघ्यांनी टाकी धरणं आणि पोट आवळून बसणं. टाकीला ट्रॅक्शन पॅड (खरबरीत रबरी पट्ट्या) चिकटवले की गुडघा घसरत नाही. दुसऱ्यावर उपाय लिव्हरचा कोन.

ओडो ९८०

पहिली सर्व्हिस, ऑइल आणि फिल्टर. पाऊस तोंडावर आहे. रेडिएटरच्या पात्यांत चिखल बसला की पंखा सारखा चालतो, म्हणून दर आठवड्याला हलक्या धारेने पाणी. प्रेशर वॉशरने पाती वाकतात. कूलंटची पातळी इंजिन थंड असताना मिन आणि मॅक्सच्या मधोमध. फ्रेम स्लायडर (गाडी आडवी झाली तर फेअरिंग वाचवणारे गुटके) मागवलेत, कारण क्रॅश गार्ड इथे शोभत नाही आणि पार्किंगमध्ये एकदा जरी आडवी झाली तरी फेअरिंगचा टॅब तुटतो. ते बसले की पिलियन घेऊन मागची प्रीलोड पुन्हा मोजायची आहे.