चप्पल घालून उघडायचा फ्रीज

पहिला गेमिंग पीसी घ्यायला कोणी आलं की बजेटच्या आधी मी घर कुठे ते विचारतो. कुडाळ बाजारातला फ्लॅट असेल तर पार्टांची एक यादी, वाडीतलं कौलारू घर असेल तर दुसरी आणि दर्याकाठ असेल तर तिसरी. पोरांना हे पटत नाही. त्यांनी यूट्यूबवरून यादी उतरवून आणलेली असते, आणि त्या यूट्यूबवाल्याच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्यात, कधी पाल शिरून मेलेली नसते. आमच्याकडे पावसाळ्यात हे नेहमीचं. पीसी जोडणाऱ्याने स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या ग्राफिक कार्डाशेजारची पत्र्याची पट्टी परत बसवलेली नसते, पाल तिथूनच आत जाते. दोन रुपयांची पट्टी आणि अर्ध्या मिनिटाचा आळस.

2025 च्या मे महिन्यात देवबागहून मायलेकी आल्या. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. खारा वारा दोन्हीकडून. आईचा तीन खोल्यांचा होमस्टे, मुलगी बारावी झालेली. सीझनमधून बाजूला काढलेले साठ हजार, त्यात मॉनिटरही बसवायचा. मुलीने वहीचं पान पुढे केलं. मी सवयीने चूक शोधायला बसलो.

सवय आहे म्हणतो, कारण चूक असतेच. सगळ्यात जुना रोग म्हणजे 'आय सेव्हन' प्रोसेसरचा. जिल्ह्यातच एक दुकानदार आहे, तो 2011 सालच्या दुसऱ्या पिढीचा आय सेव्हन रंगीत पंखे लावून 'गेमिंग पीसी' म्हणून खपवतो. त्याहून आताचा चार कोरचा साधा आय थ्री पुढे पळतो, पण सेव्हन हा आकडा थ्रीपेक्षा मोठा, एवढंच बापाला दिसतं. वर त्यात आरएक्स 580 म्हणून जे कार्ड घालतो ते 2048 शेडरवालं (शेडर म्हणजे कार्डातले चित्राचा हिशोब करणारे छोटे भाग), म्हणजे खरं तर 570च. अस्सल 580 ला 2304 असतात. कार्डाची खरी माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडून दाखवलं की गिऱ्हाईक माझ्यावरच डाफरतं.

या पानावर मात्र चूक नव्हती. आय थ्री 12100एफ, एच 610 बोर्ड, सोळा जीबी रॅम पण आठ-आठच्या दोन स्टिक, स्टोरेजला पाचशे जीबीची एनव्हीएमई, आरएक्स 6600 आठ जीबीचं, 550 वॅटचा ब्राँझ एसएमपीएस, चोवीस इंची मॉनिटर. परीक्षा घ्यावी म्हणून विचारलं, 6500 एक्सटी का नाही, पाच हजार वाचतील. म्हणाली, "त्याला चारच लेन आहेत काका, आणि मेमरी चार जीबी. पुढे कुणाच्या जुन्या बोर्डावर बसवायची वेळ आली तर निम्मंच राहील." खरं आहे. लेन म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातला डेटाचा रस्ता. पीसीआयई तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डावर तो रस्ता निम्म्या वेगाचा, म्हणून तिथे ते कार्ड धापा टाकतं. मला खूप बरं वाटलं. काउंटरवर असं बोलणारं माणूस क्वचित येतं.

वाद झाला तो फक्त 'एफ'वर. एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक नसतं. मुंबईत चालतं. इथे कार्ड वॉरंटीला गेलं की परत यायला महिना धरायचा, आणि तेवढा महिना पीसी म्हणजे नुसता पत्र्याचा डबा, स्क्रीनवर काहीच नाही. म्हणून मी दर्याकाठच्या गिऱ्हाइकाला अडीच हजार जास्त घालून बिनएफचा घ्यायला लावतो. तिने पानाच्या मागे हिशोब करूनच आणला होता: ते अडीच हजार गेले तर कार्ड सहा जीबीच्या 3050 वर उतरतं. हट्टी गिऱ्हाइकाशी मी भांडतो, हिशोबी गिऱ्हाइकाशी भांडता येत नाही. एफ तर एफ.

पीसी जोडून, रात्रभर चालवून बघितला आणि ओम्नीत घालून मीच देवबागला गेलो. पोचवायला पोरगा पाठवत नाही, कारण पोरगा प्लग घालून चहा पिऊन परत येतो. मी आधी सॉकेट बघतो. न्यूट्रल आणि अर्थिंगच्या भोकात मीटर लावला, तर 190 व्होल्ट.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण चांगले चांगले इलेक्ट्रिशियन यात फसतात. अर्थिंग नसलेल्या घरात पीसीला हात लावला की मुंग्या येतात. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर बॉडीला मेन लाइनच्या निम्म्या व्होल्टेजवर, 115 च्या आसपास नेऊन ठेवतात. त्यात करंट नगण्य असतो. गिऱ्हाईक फोन करून 'तुमचा पीसी शॉक देतो' म्हणून शिव्या घालतं ते हेच. पण माझा पीसी अजून खोक्यात होता आणि आकडा 190. मीटरवर विश्वास नको म्हणून पंधरा वॅटचा बल्ब त्याच दोन भोकांत लावला. मंद का होईना, पेटला. नुसत्या कपॅसिटरच्या करंटवर बल्ब पेटत नाही. कुठलं तरी उपकरण खरोखर लीक होत होतं.

मी आईला विचारलं, कशाला हात लावल्यावर करंट येतो का.

"फ्रीजाक येता ना," ती सहज म्हणाली. "आमी चप्पल घालूनच उघडतो. वायरमन म्हणालो, दर्याकाठाक असाच होता."

फ्रीजसमोर खरंच एक रबरी चपलांचा जोड ठेवलेला होता. घरातल्या सगळ्यांना सवय.

मेन बोर्डावरून एकेक एमसीबी, म्हणजे त्या त्या खोलीची वीज तोडणारा स्विच, पाडत गेलो. पाहुण्यांच्या पहिल्या खोलीचा पाडला तसा बल्ब विझला. त्या खोलीत गीझर. विहिरीचं पाणी मचूळ, त्याने गीझरची कॉइल खाऊन टाकलेली. आता घरातल्या सगळ्या सॉकेटांची अर्थिंगची वायर एकमेकांना जोडलेली होती, ते काम चोख होतं. पण मागच्या दारी जाऊन बघितलं तर जमिनीतल्या पाइपला जिथे वायर आवळतात तिथे क्लॅम्पचा नुसता गंज उरलेला, वायर हवेत लोंबकळतेय. म्हणजे गीझरमधून निघालेला करंट जमिनीत जायचा सोडून वायरीवायरीने फ्रीजच्या दारापर्यंत, वॉशिंग मशीनपर्यंत आणि टेबलाच्या त्या सॉकेटपर्यंत. माझ्या पीसीच्या कॅबिनेटलाही तोच आला असता. पुण्याची माणसं मे महिन्यातही गरम पाण्यानेच आंघोळ करतात. सकाळीच त्या खोलीतलं कुटुंब आंघोळ करून तारकर्लीला स्कूबाला गेलेलं. नळाचे पाइप प्लास्टिकचे होते म्हणून निभावलं, असंच म्हणायचं.

त्या वायरमनला मी ओळखतो. पैसे खाणारा नाही. पण 'असंच होतं' हे वाक्य कोकणात खाऱ्या वाऱ्याच्या खालोखाल नुकसान करतं.

पीसी चालू करायला मी नकार दिला. नवी तांब्याच्या मुलाम्याची सळी, क्लॅम्पला ग्रीस, मेनला करंट लीक झाला की वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, नवीन गीझर, दोन खोल्यांतली जुनी वायर बदलायची. माझ्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने फोनवर अठरा हजारांच्या आसपास आकडा सांगितला. आई गप्प झाली. सीझन संपत आलेला, पुढे चार महिने खोल्या रिकाम्या.

मुलगीच बोलली. "काका, कार्ड परत घेशात?"

कार्डाचं खोकं सीलबंद नव्हतं, पण माझ्याकडे ते विकलं जातं, तो प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो एफ. कार्ड काढलं तर स्क्रीनवर काही दिसणारच नाही. तिच्या हे माझ्या आधी लक्षात आलं होतं. म्हणाली, "प्रोसेसर पण बदलून द्या, बिनएफचा." दुकानात अडीच हजारांवरून केवढा वाद घातला होता, आणि आता तोंडावरची रेषही हलली नाही.

मी म्हटलं कार्ड राहू दे, पैसे गणपतीनंतर द्या. आईने मान हलवली. "उधारी नको माका. पावसात मगे खंयसून देतलंय?" पुढे बोलायला जागाच ठेवली नाही. कार्ड आणि प्रोसेसर घेऊन मी परतलो, दुसऱ्या दिवशी साधा 12100 बसवून आलो. त्याच्या आतल्या ग्राफिकवर व्हॅलोरंट हा गेम सगळी सेटिंग खाली ओढून चालतो. रॅमच्या दोन स्टिक तिने हट्टाने घेतल्या होत्या त्याचा इथे फायदा झाला, कारण आतलं ग्राफिक रॅमच वापरतं आणि दोन स्टिक असल्या की रॅम जास्त वेगाने मिळते.

माझी बायको म्हणते, यात विचार करण्यासारखं काय, घर वाचलं. मला ते तेवढं सोपं वाटत नाही. घराची वायरिंग, पाहुण्यांचा गीझर हा होमस्टेचा खर्च. तो गेला एका मुलीच्या कार्डातून, आणि तिला कोणी विचारलंसुद्धा नाही, कारण विचारायच्या आधीच तिने देऊन टाकलं. मुलगा असता तर आई कर्ज काढून कार्ड ठेवती का, हा प्रश्न मी बायकोसमोर काढत नाही. आणि कार्ड टेबलावर तसंच ठेवून निघून यायला मला काय झालं होतं? वीस हजारांचं कार्ड, त्यात माझा नफा जेमतेम हजार, हेही खरं. आईचा नकार नको तितका पटकन ऐकला, असं कधी वाटतं. कधी वाटतं, तिचा मान राखला ते बरं झालं.

डिसेंबरात मुलगी परत आली, बारा हजार घेऊन. रॅमचे भाव तोवर दुपटीच्या वर गेलेले, कारखान्यांना आता एआयच्या सर्व्हरना मेमरी पुरवायची आहे. मी थट्टेत म्हटलं, तुझ्या त्या दोन स्टिक विक, मीच घेतो. तिला कोल्हापुरात एक जुनं 6600 दिसलं होतं. माइनिंगमधलं, म्हणजे क्रिप्टो चलन कमवायला रात्रंदिवस राबवलेलं असलं तर, असं तिने स्वतःच विचारलं. इथेरियमचं माइनिंग 2022 च्या सप्टेंबरातच बंद पडलं, पण त्यात राबलेली कार्डं अजून बाजारात फिरतात. माइनिंगची भीती मला फारशी नाही, पंखा आणि थर्मल पेस्ट बदलली की बरीच चालतात. पण कार्ड दुकानात आणायचं, तासभर पूर्ण लोडवर चालवायचं, तापमान बघायचं आणि मगच पैसे, ही माझी अट. एसएमपीएस 550 चा आहे, त्याची चिंता नाही.

विकणारा म्हणतो, आधी पैसे पाठवा. ती रोज त्याच्याशी घासाघीस करतेय आणि मी तिला पाठवू देत नाहीये.