पडद्याची मागची बाजू

गणेशोत्सवाच्या सहाव्या दिवशी पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढून तेथे मराठी चित्रपट दाखवायचा, ही आमच्या पुण्यातल्या सोसायटीची जुनी प्रथा आहे. यंदा सांस्कृतिक समितीने तिला प्रश्नमंजुषेची जोड दिली. मध्यंतरात मराठी चित्रपटसृष्टीवर दहा प्रश्न, शेवटी त्याच चित्रपटावर दहा प्रश्न, प्रत्येक इमारतीचा पाच जणांचा संघ, मोबाइल टेबलावर जमा आणि विजेत्या संघाला तीन लिटरचा एक प्रेशर कुकर, असा एकंदर बेत होता. पाच घरांत एक कुकर कसा नांदणार, हा प्रश्न त्या वेळी कोणाला सुचला नाही.

मध्यंतरातला पहिला प्रश्न ‘राजा हरिश्चंद्र’चा होता. ३ मे १९१३, गिरगावातले कॉरोनेशन, हे बहुतेकांना पाठ होते. त्यात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली होती, हेही दोघातिघांना ठाऊक होते. मात्र याच साळुंक्यांनी १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, हे संयोजकांनी सांगताच पहिल्या रांगेतल्या काकूंनी विचारले, “म्हणजे तो स्वतःच स्वतःच्या शोधात निघाला होता का?” याचे उत्तर संयोजकांच्या कार्डावर लिहिलेले नव्हते.

खरा अपमान पुढच्या प्रश्नात झाला. प्रभात फिल्म कंपनी कोणत्या शहरात स्थापन झाली, असे विचारल्यावर रोज प्रभात रस्त्यावरून जाणाऱ्या चारही संघांनी एका सुरात ‘पुणे’ असे उत्तर दिले. कार्डावर ‘कोल्हापूर, १९२९’ असे होते. कंपनी पुण्यात आली ती १९३३ साली. “पण नावारूपाला ती इथेच आली,” असे कोणीतरी पुणेरी समाधान काढले, तेव्हा इतका वेळ गप्प बसलेले तिसऱ्या मजल्यावरचे कोल्हापूरकर उठले आणि ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट १९३२ साली प्रभातने कोल्हापुरातच काढला, एवढे सांगून पुन्हा बसले. ते कोणत्याच संघात नसल्यामुळे त्या बाणेदार उत्तराला गुण मिळाले नाहीत.

उत्तरार्ध सुरू झाला आणि आपण परीक्षेला बसलो आहोत, हे सर्वांच्या लक्षात आले. ज्या प्रसंगांना आम्ही गेली तीस वर्षे हसत आलो, त्यांत आता लोक भिंतीवरचे कॅलेंडर, मोटारीचा क्रमांक आणि नायिकेच्या साडीचा रंग टिपून घेऊ लागले. शेजारच्या जोशीकाकांनी तर दुधाच्या हिशेबाची वही आणली होती. मीही जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. त्या चौदा निघाल्या, पण त्या पायऱ्यांवरून गडगडत आलेला विनोद मात्र हातचा गेला. (चित्रपटाचे नाव मुद्दामच सांगत नाही, कारण समिती पुढच्या वर्षीही बहुधा तोच दाखवील.)

पोरे मात्र निवांत होती. पुढे जागा न मिळाल्यामुळे ती पडद्याच्या मागे सतरंजी अंथरून बसली होती. लहानपणी आमच्या गल्लीत दोन खांबांना पांढरे कापड बांधून १६ मिलिमीटरचे चित्रपट दाखवत, तेव्हा उशिरा येणाऱ्यांच्या वाट्याला हीच बाजू येई. तेथून श्रेयनामावली उलटी वाचावी लागे, बंदूक डाव्या हातात दिसे आणि सगळ्या आयांचा पदर उजव्या खांद्यावर असे. एकच प्रक्षेपक असल्यामुळे दर रिळानंतर दिवे लागत आणि त्या उजेडात घरून कोण कोण आले आहे, हेही कळे. मला पुष्कळ चित्रपट असे उलटेच आठवतात आणि ते चुकीचे आठवतात, असे मला कधी वाटले नाही.

शेवटी ‘अ’ आणि ‘क’ या इमारतींचे गुण सारखे झाले आणि निर्णायक प्रश्न आला: नायक सावकाराच्या थोबाडीत कोणत्या हाताने मारतो? ‘अ’ने ‘उजव्या’ म्हटले. ‘क’च्या संघात नऊ वर्षांची एक मुलगी होती. तिने ठामपणे ‘डाव्या’ असे सांगितले आणि कार्ड दाखवल्यावरही “पण मी पाहिलंय,” हे आपले म्हणणे सोडले नाही. तेव्हा तो प्रसंग पुन्हा लावण्यात आला आणि समितीचे अध्यक्ष खुर्ची उचलून पडद्यामागे गेले. थप्पड बसली, पुढच्या आणि मागच्या बाजूला एकाच वेळी हशा उसळला, आणि अध्यक्षांनी पलीकडून ओरडून सांगितले, “डावाच आहे हो!”

बक्षीस विभागून देण्यात आले. सध्या कुकर ‘अ’ इमारतीत आहे आणि त्याची शिट्टी ‘क’ इमारतीत.